नेट नाही की पत्ता नाही?

महोदय,

सांगलीतल्या अभ्यासिका आणि वसतिगृहांत ‘वायफाय जोडलंय, पण नेट नाही’ असं झालं की आधी कंपनीला फोन जातो. त्याआधी लॅपटॉपचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा ओळख क्रमांक) बघावा. तो १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. लाइनला दोष देऊन उपयोग नाही.

राउटरकडे वाटायच्या पत्त्यांचा साठा (पत्त्यातला शेवटचा आकडा) १०० ते १४९ एवढाच असेल तर ५१व्या मोबाइलला जागा उरत नाही. त्यात लीज (पत्ता राखून ठेवायची मुदत) २४ तासांची, म्हणजे सकाळी येऊन गेलेला मोबाइलही दिवसभर पत्ता अडवून बसतो. साठा २० ते २५० आणि लीज दोन तास करावी. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला साठ्याबाहेरचा, समजा १०वा, कायम पत्ता द्यावा.

खरा घोळ वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या राउटरचा. दोघांचंही डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटायची सोय) चालू राहिलं तर काहींना पत्ता मिळतो, पण गेटवे (नेटकडे जायची वाट) चुकीचा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्याला आधी लॅपटॉप जोडून त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करावा, नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून डीएचसीपी बंद करावं, मग मुख्य राउटरची केबल त्याच्या लॅन पोर्टात (आतली उपकरणं जोडायच्या खाचेत) खोचावी. वॅनमध्ये (बाहेरून येणाऱ्या नेटच्या खाचेत) नव्हे, बसवणारे हमखास तिथंच चुकतात.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली