सॅपरांच्या ट्रंकांविषयी, सुधीरला

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

माजी सॅपरांच्या, म्हणजे सैन्यातल्या पूल बांधणाऱ्या आणि सुरुंग काढणाऱ्या इंजिनिअर जवानांच्या, घरून आलेल्या ट्रंका त्यांच्या संघटनेने संग्रहालयासाठी तुझ्या गळ्यात घातल्या, हे वाचून बरं वाटलं. निदान भंगारात जाणार नाहीत. पदकांसाठी काचेचं कपाट आधी करू म्हणतोस, पण ते सगळ्यात शेवटी कर. पदकं कुठे जात नाहीत. जातात ते कागद.

त्याआधी एक सक्त सूचना. ट्रंकेत सुरुंगाचं कवच, फ्यूज, डिटोनेटरची डबी किंवा वडीसारखा दाबलेला कापूस दिसला, तर हात लावू नकोस. ‘रिकामं आहे, आजोबा पेपरवेट म्हणून वापरायचे’ यावर विश्वास ठेवू नकोस. तो कापूस म्हणजे गनकॉटन, एक स्फोटक. ते ओलं असतं तोवर बरं, वर्षानुवर्षं पडून वाळलं की ठिणगीनेही पेटतं. पिक्रिक आम्ल हे दुसरं जुनं स्फोटक, ते धातूला लागून राहिलं तर त्याचे क्षार बनतात आणि नुसत्या घर्षणानेही उडतात. खोली रिकामी करायची, पोलिसांना कळवायचं आणि बॉम्बशोधक पथकाने लेखी दिल्याशिवाय ती वस्तू संग्रहात घ्यायची नाही. जुन्या होकायंत्राचंही तसंच. तबकडी अंधारात चमकत नाही म्हणजे ती निरुपद्रवी झाली असं नाही. तिच्या रंगातलं चमकणारं रसायन थकतं, त्याला चमकवणारं किरणोत्सारी रेडियम थकत नाही. ते निम्मं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. काच उघडायची नाही, फुटली असेल तर दोन पिशव्यांत बंद करून वेगळी ठेवायची.

मग ट्रंक उपसायची, पण वर्गवारी करायची नाही. कुठल्या पाकिटात काय होतं, कशाच्या खाली काय होतं, हाच अर्धा पुरावा असतो. प्रत्येक थराचा फोटो काढ आणि कागदाच्या मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक घाल, बॉलपेनने नाही. गंजलेल्या टाचण्या ओढू नकोस. कागदाखाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवून टोकं उचल, मग टाचणी सोडव. सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही वर्ज्य. सेलोटेपचा डिंक पिवळा होऊन कागदात मुरतो, आणि लॅमिनेशन पुन्हा काढताच येत नाही. फाटलं असेल तर जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ.

इंजिनिअरांच्या कागदांत एक फसवी गोष्ट असते, ब्लूप्रिंट, म्हणजे निळ्यावर पांढऱ्या रेषांची आराखड्याची प्रत. सगळे सांगतात की आम्लमुक्त फोल्डर घ्या. पण त्यांतल्या बऱ्याच फोल्डरांत खडूची भुकटी घातलेली असते, ती अल्कधर्मी असते, आणि ब्लूप्रिंटचा निळा रंग अल्काने उडतो. तिला खडू नसलेला, उदासीन फोल्डरच हवा, आणि उजेड नको. अमोनिया प्रिंटांतून (अमोनिया वापरून काढलेल्या आराखड्याच्या प्रतींतून) निघणारी रसायनं शेजारच्या कागदावर डाग पाडतात, म्हणून त्यांची वेगळी पेटी. ट्रेसिंग क्लॉथला, म्हणजे आराखडे गिरवायच्या कापडाला, स्टार्चची खळ असते. ओल्या फडक्याने पुसलंस की रेषेसकट खळ हातात येईल.

आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवायचा प्रयत्न कर, पण आकड्यापेक्षा चढउतार वाईट. दिवसा एसी आणि रात्री बंद, यापेक्षा एसी नसलेला बरा. लोकरी टोप्या आणि पट्ट्यांत कसर दिसली तर पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांवर दहा दिवस ठेव. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नकोस, नाहीतर दव धरेल. आणि पितळी बिल्ले चकाकवायचे नाहीत! दर वेळी पॉलिश केलं की अक्षरं थोडी झिजतात.

आता फोटो. ‘पूल बांधताना जवान’ असं लिहिलेले ढीगभर मिळतील. त्यांतून माहिती काढता येते. बेली पूल म्हणजे सुटी पोलादी पॅनेलं जोडून उभारायचा लष्करी पूल. त्याचं पॅनेल १० फूट लांब, ५ फूट १ इंच उंच आणि ५७० पौंड वजनाचं, म्हणजे जेमतेम २६० किलो. सहा माणसं दांड्यांवर उचलत. फोटोत बाजूने खण मोज, प्रत्येक खण १० फुटांचा. मग एका बाजूला शेजारी-शेजारी किती कैच्या (पॅनेलांच्या रांगा) आणि एकावर एक किती मजले ते बघ. दोन कैच्या आणि एक मजला म्हणजे डबल-सिंगल, त्यात एका खणाला दोन्ही बाजूंची मिळून ४ पॅनेलं. १०० फुटांच्या डबल-सिंगल पुलाला ४० पॅनेलं लागली हे फोटोवरूनच निघतं. कंपनीच्या कामाच्या वहीत वेगळा आकडा असेल तर वही चुकली, नाहीतर फोटो दुसऱ्याच पुलाचा. पुढे फळ्या नसलेला नुसता सांगाडा झुकलेला दिसला तर ते लाँचिंग नोज, पूल ढकलताना पुढे जोडलेलं तात्पुरतं नाक. पूल अजून रोलरांवर आहे, मागचा भार पुढच्यापेक्षा जास्त ठेवून दरीवर ढकलला जातोय. म्हणजे तो फोटो बांधणीच्या दिवसाचा, उद्घाटनाचा नाही. हे सगळं कॅटलॉगात लिही. नावं नंतर मिळतील, पण पूल मोजायला कोणी परत बसणार नाही.

सॅपरांचं काम टिकण्यासाठी नसतंच. पूल सैन्य पार झालं की उतरवला जातो, सुरुंग काढले की तिथे नुसता रस्ता उरतो. सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात १९४१ साली ९६ तासांत ५५ मैलांवरची १५ सुरुंगक्षेत्रं मोकळी केल्याचे आकडे आहेत, पण हे आकडे ज्या हातांनी पुरे केले ते कसे काम करत होते, हे त्यांच्या कंपनीच्या वह्यांतच सापडेल.

वह्यांतली जागा ओळखायला नकाशा लागतो. परमवीर चक्र मिळालेले सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचं एप्रिल १९४८ चं सुरुंग आणि अडथळे काढण्याचं काम नौशेरा–राजौरी रस्त्यावरच्या ‘माईल २६’ पासून सुरू होतं. तो मैल कुठल्या टोकापासून मोजला हे माहीत नसेल तर नुसता २६ काय कामाचा? ग्रिड आकड्यांचंही (नकाशावरच्या चौकटींवरून जागा सांगणाऱ्या आकड्यांचंही) तसंच. ते ज्या नकाशापत्रावरून घेतले त्याचा क्रमांक आणि आवृत्ती हवीच. नौशेरा–राजौरी ‘४३ के’ क्रमांकाच्या नकाशापत्रात येतं. आकडा जुन्या ग्रिडचा असेल तर सरळ मोबाइलवर टाकू नकोस, भलत्याच डोंगरावर जाशील. मूळ आकडा जसाच्या तसा ठेव, आजचं स्थान शेजारच्या वेगळ्या रकान्यात.

वयस्कर सॅपरांच्या मुलाखती लगेच घे. ‘युद्धाचा अनुभव सांगा’ असं विचारलंस तर भाषण मिळेल. पुलाचं चित्र पुढे ठेवून विचार: पॅनेलवर तुम्ही कुठल्या टोकाला? पिन बसली नाही तर काय करायचे? रात्री खुणा कशा कळायच्या? सुरुंग शोधताना किती अंतरावर दुसरा माणूस? हात आपोआप हलायला लागतात, म्हणून शक्य असेल तर व्हिडिओही काढ. आवाज वेव्ह फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. फाइलच्या तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या गावात. हुद्दा त्या वेळचा लिही, निवृत्तीचा नाही. तुकडीचं नावही त्या वेळचंच, कारण १९४७ च्या फाळणीत सॅपरांच्याही कंपन्या वाटल्या गेल्या आणि नंतर नावं बदलली.

लष्करी कारवाईचे आदेश किंवा ‘गोपनीय’ शिक्क्याचे कागद निघाले तर फोटो काढून ग्रुपवर टाकू नकोस. संरक्षण मंत्रालयाचं २०२१ चं धोरण २५ वर्षांहून जुन्या अभिलेखांची तज्ज्ञांकडून छाननी करून ते राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्यायला सांगतं, पण कागद जुना झाला म्हणून तो आपोआप खुला होत नाही. ते कागद वेगळ्या पाकिटात घाल, यादी कर आणि संबंधित सॅपर केंद्राला लेखी विचार.

घरच्यांकडून वस्तू घेतानाच संमतिपत्रावर सही घे. भेट की उसनी, आणि आवाज-चित्र कुठवर वापरता येईल, हे त्यात स्पष्ट हवं. पुढच्या पिढीतल्या भावाभावांची भांडणं संग्रहालयाच्या दारात येतात ती इथेच राहिलेल्या रिकाम्या रकान्यांमुळे. माझ्याकडचा मसुदा सोबत जोडलाय, त्यात पत्ता आणि फोनसाठी जागा कमी पडते, ती वाढवून घे.

तुझा,
विनायक