‘सुखरूप घरी सोपवले’

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

समाजकार्य शिकायला गेलेली मुले गे-लेस्बियन लोकांच्या हक्कांसाठी झेंडे घेऊन रस्त्यावर का उतरतात, त्यांना कोण फितवते, असा सवाल करणारे वाचकपत्र आपल्या अंकात वाचले. मी सत्तावीस वर्षे या मुलांची क्षेत्रकार्य पर्यवेक्षक होते. फितवणारे कोणी असते तर एवढ्या वर्षांत एकदा तरी माझ्या समोर आले असते.

वर्गात हा विषय जवळजवळ नसायचाच. आमच्या वेळी ‘विकृत वर्तन’ या प्रकरणात अर्धे पान होते, तेही परीक्षेला येत नाही म्हणून सोडून दिलेले. मुलांना जे कळते ते क्षेत्रकार्यात. आठवड्याचे दोन दिवस एखाद्या वस्तीत, रुग्णालयात नाहीतर समुपदेशन केंद्रात जायचे, घरी येऊन रेकॉर्डिंग, म्हणजे त्या दिवशीच्या कामाचा अहवाल, लिहायचे आणि पर्यवेक्षकापुढे ठेवायचे.

२०१२ साली एक विद्यार्थिनी असेच रेकॉर्डिंग घेऊन आली. गावाकडून पळून आलेल्या दोन मुली, एक वीस वर्षांची, दुसरी बावीस. दोघी सज्ञान. घरच्यांनी ‘मिसिंग’ नोंदवलेली आणि थोरलीने धाकटीला पळवून नेल्याची तक्रार केलेली. पोलीस ठाण्याच्या बाकावर दोघी एकमेकींच्या ओढणीचे टोक धरून बसल्या होत्या. चहा आणला तो साय धरून तसाच राहिला. फॉर्मवर ‘नाते’ या रकान्यात हवालदाराने ‘मैत्रीण’ लिहिले आणि वर ‘हा गुन्हा आहे, माहीत आहे ना?’ असा दमही भरला. दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सज्ञानांचे संमतीचे संबंध वगळल्याला तेव्हा तीन वर्षे होत आली होती. तो निकाल त्या ठाण्यापर्यंत पोचला नव्हता. संध्याकाळी वडील आणि दोन काका जीप घेऊन आले. निघताना धाकटी माझ्या विद्यार्थिनीला एवढेच म्हणाली, ‘ताई, मला नका ना पाठवू.’

रेकॉर्डिंगच्या शेवटी ‘निष्पत्ती’खाली लिहिले होते : ‘समुपदेशन करून मुलीस सुखरूप घरी सोपवले.’ त्यातला ‘सुखरूप’ खोडला होता, वर पुन्हा लिहिला होता, पुन्हा खोडला होता.

‘मॅडम, क्लायंटचा स्वनिर्णय म्हणून जे तुम्ही शिकवता, ते यात कुठे बसवू?’ तिने विचारले. (मदतीला आलेल्या माणसाने आपला निर्णय आपणच घ्यायचा, हे ते तत्त्व.) मला उत्तर देता आले नाही. असे तीन-चार ‘सुखरूप’ माझ्या सहीनेही गेले होते.

११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरवला, तेव्हा त्याच आठवड्यातल्या निदर्शनांत ही विद्यार्थिनी होती. दीडशे वर्षांत या कलमाखाली दोनशेहूनही कमी जणांवर खटले चालले, असे त्या निकालात म्हटले होते. कागदावर ते असेलही. पण त्या बाकावरची मुलगी या दोनशेत कुठेच नाही. बागेत पकडून ‘केस करू की घरी फोन लावू?’ असे विचारून ज्याचे पाकीट रिकामे केले जाते, तोही नाही. या कलमाला कोर्टाची गरजच पडत नसे, त्याचे नाव घेतले की काम भागायचे. हे दिसायला क्षेत्रकार्याची जागा लागते, आणि दिसल्यावर समुपदेशनाच्या खुर्चीत बसून करण्यासारखे फार थोडे उरते. अडचण क्लायंटच्या मनात नसून कायद्यात असेल, तर मनाचे समुपदेशन करून काय होणार?

मुळात हा लढा कोर्टात गेला तोच अशा कामातून. एचआयव्ही प्रतिबंधासाठी समलिंगी पुरुषांमध्ये जायचे, कंडोम वाटायचे, तर वाटणाऱ्यालाच पोलीस उचलणार. लखनौत जुलै २००१ मध्ये चार कार्यकर्त्यांना याच कामापायी अटक झाली आणि ४७ दिवस तुरुंगात काढावे लागले. त्याच वर्षी नाझ फाउंडेशनने दिल्लीत याचिका केली, तीही एचआयव्हीचे काम करणारी संस्था. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून हेच काम करत आला आहे. (पत्रलेखकांना ‘बाहेरचा पैसा’ दिसला. आमच्या मुलांना मिळायचा तो बसचा खर्च, तोही मिळाला तर.)

सगळेच काही अशा अनुभवातून येतात असे मी म्हणणार नाही. काही जण फोटोपुरते येतात, ते दोन सेमिस्टरमध्ये आपोआप गळतात. आणि काही मुलामुलींचा हा स्वतःचाच प्रश्न असतो. दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगवर चर्चा चालू असताना खाली मान घालून वहीत रेघोट्या मारणारा विद्यार्थी मी पाहिला आहे. तो समाजकार्याला का आला, हे त्याने पदवी हातात पडल्यावर मला सांगितले.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले आणि ३७७चा प्रश्न मिटला. मग आता मोर्चे कशाला, हा पत्रलेखकांचा दुसरा मुद्दा. १७ ऑक्टोबर २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क नाकारला. २०२४ मध्ये केंद्राने अशा जोडप्यांना एका रेशनकार्डावर घ्यावे, बँकेत संयुक्त खाते काढता यावे, असे कळवले. कळवणे आणि खिडकीवरच्या माणसाने ते मानणे यात किती अंतर असते, हे अर्ज हातात घेऊन उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला विचारावे.

समाजकार्य महाविद्यालयांकडे आणि समुपदेशन केंद्रांकडे माझे एकच मागणे आहे. मुलगी सज्ञान असेल तर फॉर्मवर ‘कोणाच्या ताब्यात दिले’ या रकान्याच्या वर ‘तिला कुठे जायचे आहे’ असा एक रकाना छापा, आणि तो तिच्याच हाताने भरून घ्या.

आपली,
एक निवृत्त क्षेत्रकार्य पर्यवेक्षक, पुणे