केसमेंट बांधाच, पण फायनल क्लोनिसलाच राहू दे

बेलफास्ट, जुलै २०२५

प्रिय मन्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. फायनल केसमेंटला की क्लोनिसला, त्या मैदानाच्या भांडणाचं पुढे काय झालं म्हणून विचारलंस, आणि दोन ओळीत टाइप करून पाठवण्यासारखा तो विषयच नाही, म्हणून म्हटलं सरळ पत्रच लिहावं. मोठं होणार आहे, सावकाश वाच.

आधी थोडं बॅकग्राउंड सांगतो. इथे क्रिकेट नाही, गेलिक फुटबॉल. पंधरा-पंधराच्या दोन टीम, बॉल हातातही घेता येतो आणि पायानेही मारता येतो, गोलपोस्ट इंग्रजी एच सारखा, आडव्या दांडीखालून गेला तर गोल म्हणजे तीन पॉइंट, वरून गेला तर एक, आणि या वर्षीपासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून वरून मारला तर दोन. खेळणारे सगळे हौशी. कुणी शाळेत मास्तर, कुणी इलेक्ट्रिशियन, पगार एक पैसा नाही, आणि ज्या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, आहे त्या काउंटीसाठीच बहुतेक जन्मभर खेळायचं, लिलाव बिलाव काही भानगड नाही. अल्स्टर म्हणजे आयर्लंडचा उत्तरेचा प्रांत, नऊ काउंट्यांचा. त्यातल्या सहा इकडे ब्रिटनच्या राज्यात, आणि डोनिगॉल, कॅव्हन, मॉनहन या तीन तिकडे आयर्लंड देशात. देश दोन झाले पण जीएएने, म्हणजे या गेलिक खेळांच्या संघटनेने, प्रांत एकच ठेवला, म्हणजे बॉर्डरच्या दोन्ही बाजूच्या टीम एकाच स्पर्धेत खेळतात आणि त्याची फायनल मे महिन्यात होते. ती कुठे व्हावी, यावरून सगळं चाललंय.

वर्षानुवर्षं ती होते क्लोनिसला. मॉनहन काउंटीतलं एक छोटं गाव, अगदी बॉर्डरला चिकटून, लोकसंख्या दोन हजारसुद्धा नसेल आणि मैदानात माणसं मावतात एकोणतीस हजाराच्या आसपास! एके काळी हे रेल्वेचं मोठं जंक्शन होतं, १९५७ ला उत्तरेकडच्या सरकारने लाइनी बंद केल्या आणि गावाचा कणाच मोडला, त्याच्या आधी फाळणीने अर्धं गिऱ्हाईक पलीकडल्या देशात गेलेलंच होतं. पुढे तिकडे गोळीबार-बॉम्बची वर्षं सुरू झाली तेव्हा ब्रिटिश आर्मीने आजूबाजूचे छोटे रस्ते खड्डे पाडून आणि काँक्रीटचे ठोकळे टाकून बंद केले, म्हणजे शेजारच्या शेतावर जायचं तर कित्येक मैलांचा वळसा. त्या काळातसुद्धा दर वर्षी फायनलला उत्तरेकडून लोक चेकपोस्टच्या रांगेत गाड्या लावून क्लोनिसला यायचे. हे मला आमच्या टीममधल्या आर्मा काउंटीच्या माणसाने सांगितलं, त्याचे वडील त्याला लहानपणी न्यायचे, सैनिक डिकी उघडायला लावायचे आणि आत काय, तर आईने बांधून दिलेली सँडविचेस.

आता दुसरी बाजू, केसमेंट पार्क. हे पश्चिम बेलफास्टमध्ये, अँडरसनस्टाउन रोडवर, माझ्या घरापासून बसने थोडंसंच. १९५३ ला सुरू झालं आणि १९७१ पर्यंत अल्स्टरच्या बऱ्याच फायनल तिथे व्हायच्या. मग शहर पेटलं, १९७२ ला आर्मीने मैदानच ताब्यात घेतलं आणि फायनल गेली ती गेलीच. २०११ ला इथल्या सरकारने ठरवलं की तीन खेळांची तीन मैदानं नवी करायची, रग्बीचं रेव्हनहिल, सॉकरचं विंडसर पार्क आणि जीएएचं केसमेंट. पहिली दोन केव्हाच उभी राहिली. केसमेंट २०१३ ला बंद केलं ते अजून बंद. शेजारपाजारचे रहिवासी कोर्टात गेले, २०१४ ला कोर्टाने परवानगी रद्द केली, पुन्हा प्लॅन, पुन्हा हरकती, २०२१ ला पुन्हा परवानगी, साडेचौतीस हजार क्षमतेची. मग २०२३ ला युरो २०२८ या सॉकर स्पर्धेचे सामने ब्रिटन-आयर्लंडला मिळाले, त्यात केसमेंटचं नाव होतं, सगळ्यांना वाटलं आता तरी होणार, तर २०२४ च्या सप्टेंबरात लंडन सरकारने सांगितलं की वेळेत होणार नाही आणि खर्च ४०० दशलक्ष पाउंडच्या वर जाईल, आम्ही पैसे देत नाही. मधल्या काळात डब्लिन सरकारने ५० दशलक्ष युरो जाहीर केले होते, तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांचे वडील आपल्या मालवणजवळच्या वराडचे. आणि आत्ता जूनमध्ये लंडननेही ५० दशलक्ष पाउंड द्यायचं कबूल केलं. तरी सगळं मिळून पैसे कमीच पडतायत.

गेटबाहेरून मी कधी कधी जातो रे, स्टँडच्या पायऱ्यांमधून झुडपं उगवली होती, भिंतींचा रंग सोललेला, आणि आजूबाजूला लहान पोरं हर्लिंगच्या, म्हणजे इथल्या काठी-बॉलच्या खेळाच्या, स्टिक घेऊन रस्त्यावर खेळतायत. चीड येते बघून. शाळेत पहिलीत असलेलं पोर आता कॉलेजात गेलं आणि त्याने आपल्या गल्लीतल्या मैदानात एक मॅच बघितली नाही.

म्हणून केसमेंट झालंच पाहिजे याबद्दल माझ्या मनात तसूभरही शंका नाही. वाद त्याच्या पुढचा आहे. मूळ योजनेतच असं धरलंय की ते अल्स्टरचं मुख्य मैदान होणार आणि फायनल तिकडे येणार. आणि तिथे मला पटत नाही.

या मे महिन्यात मी क्लोनिसला गेलो होतो, आर्मा विरुद्ध डोनिगॉल. इकडून जाताना मिडलटाउन सोडलं की रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ पिवळी होते, वेगाचे बोर्ड मैलांचे किलोमीटर होतात आणि फोनवर रोमिंगचा मेसेज येतो, एवढीच काय ती बॉर्डर आता उरलीय. गाडी गावाबाहेर कुणाच्या तरी शेतात लावायची, शेतकरी स्वतः उभा राहून हात दाखवत असतो. मग चालत डायमंडला, म्हणजे गावचा चौक, टेकडीवर आहे, तिथे जुना दगडी क्रॉस. तिथून फर्मॅना स्ट्रीट खाली उतरते आणि ती अख्खी गल्ली माणसांनी भरलेली, केशरी आर्मावाले आणि हिरवे-पिवळे डोनिगॉलवाले एकमेकात मिसळलेले, कारण इथे दोन बाजूंना वेगळं बसवायची पद्धतच नाही. पबच्या दारात गर्दी, चिप्सच्या गाड्या, टोप्या-झेंडे विकणारे ओरडतायत. आणि मग पुन्हा चढ, मैदान दुसऱ्या टेकडीवर. माझ्या शेजारी टेरेसवर, म्हणजे उभं राहून बघायच्या पायऱ्यांवर, डोनिगॉलची एक बाई होती, साठीची असेल, ती मॅचभर आर्माच्या पोरांना शिव्या घालत होती आणि हाफटाइमला तिने पुढच्या ओळीतल्या आर्माच्या कुटुंबाला फॉइलमधली सँडविचेस दिली, त्यांनीही घेतली, आणि सेकंड हाफला पुन्हा शिव्या चालू.

मॅच एक्स्ट्रा टाइममध्ये गेली. डोनिगॉल २-२३ (दोन गोल आणि वर २३ पॉइंट), आर्मा ०-२८, म्हणजे हिशेब कर, आर्मा एका पॉइंटने हरले. आणि हे आर्माचं सलग तिसरं वर्ष, २०२३ ला डेरीकडून पेनल्टीवर, २०२४ ला डोनिगॉलकडून पेनल्टीवर, आता एका पॉइंटने. २०२४ ला तर त्यानंतर ते अख्ख्या आयर्लंडचे चॅम्पियन झाले पण अल्स्टरची ट्रॉफी नाही ती नाहीच. शिट्टी वाजल्यावर लोक मैदानात उतरले आणि माझा तो आर्मावाला कठड्याला धरून नुसता उभा. कुणीतरी डोनिगॉलचा माणूस आला, त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि काही न बोलता गेला. मन्या, असं मी कुठल्या मोठ्या स्टेडियमात बघितलं नाही.

आता तू म्हणशील की हा भावनेचा भाग झाला. ठीक आहे, मुद्द्याचं बोलू.

मोठं मैदान म्हणजे जास्त माणसं, जास्त तिकीटविक्री, आणि तो पैसा क्लबांना जातो, मालकाच्या खिशात नाही, हे खरंच आहे. हा प्रयोग करूनही झालाय. २००४ ला फायनल डब्लिनला क्रोक पार्कला नेली, ६७ हजारांवर लोक आले, क्लोनिसच्या दुपटीहून जास्त. २००५, २००६ लाही तिकडेच. तरी २००७ ला परत क्लोनिसला आणली. प्रांताची फायनल प्रांताबाहेर, हे लोकांना रुचलं नव्हतं. नुसती खुर्च्यांची संख्या बघून ठरवायचं असतं तर ती परत आलीच नसती. कोल्हापूरची खासबागेतली कुस्ती उद्या कुणी बालेवाडीला न्यायची म्हटली, तिथे सोयी चांगल्या आहेत म्हणून, तर तू काय करशील ते मला माहितीय.

केसमेंटच्या बाजूचा एक मुद्दा मात्र मला फार जोरदार वाटतो, न्यूट्रल असण्याचा. क्लोनिस हे मॉनहनचं घरचं मैदान. मॉनहन फायनलला आली की समोरच्याला पाहुणा म्हणून खेळावं लागतं, २०१३ ला त्यांनी तिथेच डोनिगॉलला हरवून पंचवीस वर्षांनी ट्रॉफी घेतली. केसमेंट अँट्रिम काउंटीचं, आणि अँट्रिमने शेवटची अल्स्टर फायनल जिंकली १९५१ ला, शेवटचे फायनलला पोचले २००९ ला. म्हणजे बहुतेक वर्षी ते मैदान कुणाचंच नसणार. शिवाय क्लोनिसला हॉटेलं नाहीत, गावात शिरायचे रस्ते अरुंद, मॅच सुटल्यावर तासन् तास गाडी हलत नाही, व्हीलचेअरवाल्यांना तो चढ म्हणजे शिक्षाच आहे. हे सुधारलंच पाहिजे, आणि सुधारता येण्यासारखं आहे. व्हीलचेअरवाल्यांसाठी वरपर्यंत बस सोडायला काय शेकडो दशलक्ष लागत नाहीत.

पण सगळ्यात अवघड बोलली ती माझ्या ऑफिसमधली एक बाई, अँडरसनस्टाउनचीच. ती म्हणाली, बारा वर्षं आम्हाला थांबा थांबा म्हणून सांगितलं, आणि आता कुठे वीट रचायची वेळ आली तर तुम्ही म्हणताय मैदान घ्या पण फायनल मागू नका. १९७१ नंतर आमच्याकडून काढून घेतली ती आम्ही चुकलो म्हणून नाही. तिच्या डोळ्यात पाणी होतं हे बोलताना. मी गप्प बसलो कारण ती म्हणते ते खरंच आहे. तरीसुद्धा, मला वाटतं तिच्यावरच्या अन्यायाची भरपाई क्लोनिसच्या पदरातून नको करायला. ज्यांनी रग्बीला आणि सॉकरला मैदान बांधून दिलं आणि जीएएला लटकवलं त्यांनी ती करायची. केसमेंटला हर्लिंगच्या मोठ्या मॅचेस द्या, सेमीफायनल द्या, क्लबच्या फायनल द्या, लीगची एखादी फायनल द्या, कॉन्सर्ट करा, बेलफास्टला तीनशे पासष्ट दिवस काही ना काही मिळू शकतं. क्लोनिसला हा एकच दिवस आहे. फर्मॅना स्ट्रीटवरचे दुकानवाले त्या एका वीकेंडच्या जिवावर बरंच काही धरून असतात, आणि जंक्शन गेलं, बाजार गेला, आता हेही नेलंत तर त्या गावाचं नाव घ्यायला कारण काय उरणार.

तिच्या शेजारचा एक जण म्हणतो आलटून पालटून करा, एक वर्ष इकडे एक वर्ष तिकडे. ऐकायला बरं वाटतं. पण एकदा नवीन स्टेडियमचं कर्ज आणि देखभाल अंगावर आली की हिशेबवाले दर वर्षी तिकडेच ओढणार, आणि क्लोनिसवर खर्च करायला कुणी तयार होणार नाही, दहा वर्षांत मैदान आपोआप बाद. म्हणून आलटून पालटून करायचंच तर आधी क्लोनिसचा स्टँड दुरुस्त करा, लेखी द्या, आणि मग बोला.

अजून एक गोष्ट जी ऑफिसात कुणाला सांगितली तर त्यांच्या लक्षातच येत नाही. माझा पासपोर्ट भारताचा. इकडचा वर्क व्हिसा असला तरी ती पिवळी रेघ ओलांडायला मला आयर्लंडचा वेगळा व्हिसा काढावा लागतो, फॉर्म, बँक स्टेटमेंट सगळं. रस्त्यात कुणी विचारत नाही पण कायदा तो कायदा. केसमेंटला फायनल आली तर मला सगळ्यात सोपं, बसचं तिकीट काढलं की झालं. आणि तरी मी क्लोनिस म्हणतो. मॉनहन-कॅव्हनकडच्या हॉस्पिटलात आपल्याकडच्या नर्सेस आहेत, फायनल बेलफास्टला गेली तर त्यांना हीच कसरत उलट्या बाजूने. म्हणजे आपल्यासारख्यांना कुणाला ना कुणाला व्हिसा काढावाच लागणार, पण नऊ काउंट्या जिथे बॉर्डर विसरतात ती जागा बॉर्डरवरच असावी असं मला मनापासून वाटतं.

तर आता तुझं सांग. पुढच्या मे महिन्यात नक्की यायचं ठरव. यूकेचा व्हिजिटर व्हिसा काढशील तेव्हा त्यावर बीआयव्हीएस लिहिलंय का ते नीट बघ, भारतातून अर्ज करणाऱ्यांसाठी ती सोय आहे, त्याच व्हिसावर आयर्लंडलाही जाता येतं, फक्त आधी यूकेत उतरायचं. म्हणजे लंडन किंवा बेलफास्टचं तिकीट काढ, डब्लिनचं नको. फायनलची तिकिटं मी बघतो, टेरेसची घेईन, बसायची नाहीत पण मजा तिथेच आहे. रेनकोट आण, छत्री चालत नाही गर्दीत. आणि काकूंना सांग मेतकूट पाठवायला, मागच्या वेळचं संपलं.

तुझाच,
बंड्या