रेतमात्रेइतकाच गोठ्याचाही हिशेब ठेवा: पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशीममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते ‘गौचिप’ आणि ‘महिषचिप’ या गायी-म्हशींची डीएनएवरून पारख करणाऱ्या चिपचे लोकार्पण झाले. बहुतेक मादी वासरेच जन्मावीत अशा लिंगनिर्धारित रेतमात्रेचे देशी तंत्रही तिथेच पुढे आले. कालवड लहान असतानाच तिची आनुवंशिक कुवत जोखता येणे ही मोठी सोय आहे आणि तिला आमचा विरोध नाही. खटकते ते एवढेच, की चांगल्या वळूचे रेत वापरले की दूध वाढणारच, असे धरून योजना आखल्या जातात.

गायी-गायींच्या दुधात जो फरक दिसतो, त्यातला साधारण पाव ते एक तृतीयांश आनुवंशिक असतो. फॅटच्या टक्क्यात हा वाटा निम्म्याच्या आसपास जातो, तर गाभण राहण्याच्या बाबतीत शेकडा दहाच्याही खाली येतो. त्यामुळे गाय वारंवार उलटत असेल, म्हणजे रेतन करूनही गाभण राहत नसेल, तर आधी खुराक, खनिज मिश्रण, माजाची नोंद आणि रेतनाची वेळ तपासावी. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा जुना नियम आजही चालतो. उन्हाळ्यात मात्र माज मुका होतो, म्हणजे त्याची लक्षणे नीट दिसत नाहीत, तो लक्षात येईपर्यंत वेळ निघून जाते आणि ठपका बसतो रेतावर.

आनुवंशिकता आणि गोठा यांची नुसती बेरीज होत नाही, हे त्याहून महत्त्वाचे. थंड हवेत, बंदिस्त गोठ्यात, समतोल आहारावर ज्या वळूच्या मुली पहिल्या येतात, त्याच्याच मुली पत्र्याच्या छपराखाली मागे पडू शकतात. जास्त दूध देणारी गाय जास्त खाते आणि तिच्या अंगात उष्णताही जास्त तयार होते. म्हणून उन्हाचा मार आधी तिलाच बसतो.

तापमान आणि आर्द्रता एकत्र धरून जो निर्देशांक काढतात, तो 72 च्या वर गेला की होल्स्टीन या जास्त दुधाच्या विदेशी जातीच्या गायीला त्रास सुरू होतो. 25 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रतेलाच तो 72 वर पोहोचतो. 35 अंशांना, तेवढ्याच आर्द्रतेत, तो 85 च्या घरात असतो. आपल्याकडे मार्च ते जूनच्या दुपारी तो 72 च्या खाली क्वचितच असतो.

एप्रिलमध्ये दुपारी दोनला सात फुटांवर पत्रा असलेल्या गोठ्यात जाऊन एका गायीच्या कुशीची हालचाल मिनिटभर मोजावी. श्वास साठच्या वर असेल तर ती ताणात आहे, ऐंशीला पोचली तर धापा टाकते आहे. अंगाला वारा लागावा म्हणून ती बसत नाही, त्यामुळे रवंथ घटते. तोंडातून लाळ गळून जाते. या लाळेतला सोडाच पोटातली आम्लता आवरत असतो, तो कमी पडला की फॅट 3.5 टक्क्यांच्या खाली येते आणि डेअरीत दर कापला जातो. दूध घटले म्हणून मालक पेंड वाढवतो, चारा मात्र गाय सोडून देते. आम्लता आणखी वाढते, पुढे खूर दुखू लागतात. या साखळीत वळूचा दोष कुठेच नाही.

आता शासनाचा गोठा पाहू. रोजगार हमीतून मिळणाऱ्या सहा जनावरांच्या गोठ्याच्या मापात 7.7 गुणिले 3.5 मीटर जागा आणि पिण्याच्या पाण्याची 200 लिटरची टाकी आहे. म्हणजे जनावरामागे 33 लिटर. पंधरा लिटर दूध देणाऱ्या गायीला उन्हाळ्यात 80 ते 100 लिटर पाणी लागते. टाकी पुन्हा भरता येते हे खरे, पण दुपारी तीनला ती भरायला घरात कोण असते? ही योजना दुसऱ्या खात्याची आहे, याची आम्हाला कल्पना आहे. तरी मापे आपल्या खात्याने सुचवावीत: लांबी पूर्व-पश्चिम, कडेला उंची आठ फूट, मध्ये बारा, गायीमागे छपराखाली 40 आणि मोकळ्यात 80 चौरस फूट, आणि मुक्त संचारात, म्हणजे गायी न बांधता मोकळ्या ठेवल्या तिथे, दिवसरात्र पाणी. पत्र्यावर पाचटाचा जाड थर हा स्वस्तातला उपाय आहे. पाण्याचे बारीक तुषार उडवणारा फॉगर कोरड्या हवेत पंख्यासोबतच उपयोगी पडतो. कोकणात किंवा पावसाळ्यात त्याने आर्द्रता वाढून उलट नुकसान होते.

चाऱ्याचे थोडक्यात. साखर पट्ट्यात महिनोन्महिने उसाचे वाढे (शेंड्याची पाने) हीच हिरवी वैरण असते. त्यात प्रथिने कमी आणि ऑक्झॅलेट जास्त. ते कॅल्शियम बांधून ठेवते, आणि कॅल्शियमची उणीव जास्त दुधाच्या गायीलाच आधी जाणवते. मक्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, परवडतो, पण दाणा अर्धा भरल्यावर, 65 ते 70 टक्के ओलावा असताना कापून, दोन सेंटिमीटरची कुट्टी दाबून हवा काढली तरच. हवा राहिली की बुरशी आलीच.

पैदाशीत आमचा आग्रह होल्स्टीनच्या अंशावर लगाम घालण्याचा आहे. देशी गायीवरच्या पहिल्या संकरात संकरजोम, म्हणजे दोन जाती मिसळल्याने येणारा जादा जोम, पूर्ण मिळतो. त्या कालवडीला पुन्हा शुद्ध होल्स्टीनच भरले की जोम निम्मा होतो, आणि ऊन व गोचीड ताप सोसण्याची ताकदही कमी होते. राहुरी कृषी विद्यापीठाच्या ‘फुले त्रिवेणी’ या संकरित गायीत होल्स्टीन 50, जर्सी 25 आणि देशी गीर 25 टक्के आहे, ब्राझीलच्या गिरोलांडो जातीत होल्स्टीन पाच अष्टमांश आणि बाकी गीर. दोन्हीकडे मर्यादा विचारपूर्वक ठरवलेली आहे. आपल्या तालुक्यांत मात्र गोठवलेल्या रेताच्या नळकांड्यात जी रेतकांडी असेल ती भरली जाते. लिंगनिर्धारित रेतमात्रेत शुक्राणू कमी असतात, म्हणून ती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, वजन 250 किलोच्या पुढे गेलेल्या निरोगी कालवडींसाठी राखून ठेवावी. मे महिन्यात थकलेल्या गायीवर ती वाया घालवू नये.

या सगळ्याला पाया हवा तो नोंदींचा. बारा अंकी बिल्ला कानात आहेच. त्या क्रमांकावर महिन्यातून एकदा, सकाळ-संध्याकाळ दोन्ही धारांचे दूध मोजावे आणि सोबत चार गोष्टी लिहाव्यात: छप्पर कशाचे, गाय बांधलेली की मोकळी, चारा कोणता, पाणी किती वेळ. दोन गायींच्या गोठ्यात आपसांत तुलना होत नाही, म्हणून एका गावात एकाच हंगामात व्यालेल्या गायींचा गट धरावा. मग वळूचे मूल्यांकन त्याच्या मुलींवरून, आणि कोल्हापूरसारखा ओला भाग व मराठवाडा यांसाठी वेगवेगळे जाहीर करावे. गौचिपलाही हाच पाया लागतो. ज्या गायींच्या नोंदींवर चिपचे गणित बसते, त्या आपल्याच हवेतल्या नसतील तर कालवडीचा अंदाज चुकेल.

दूध मोजणाऱ्याला प्रत्येक नोंदीमागे मानधन द्यावे लागेल आणि दहापैकी एक मोजणी दुसऱ्या माणसाने अचानक जाऊन तपासावी लागेल, नाहीतर घरी बसून आकडे भरले जातील. या दोन्हींसाठी येत्या अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष (खर्चाची वेगळी तरतूद) असावे. गोठ्याच्या मापांची शिफारस रोजगार हमी विभागाकडे मार्चपूर्वी जावी.

आपले,
गावोगाव काम करणारे काही पशुवैद्यक आणि पशुपैदास अभ्यासक