पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांबद्दल

प्रिय दादा,
सा. न.

संगणकावर पेनने काम करायचा टॅब्लेट घेण्याआधी, माप ठरवायला तुम्ही कापायला लावलेले पुठ्ठ्याचे दोन तुकडे अजून माझ्या टेबलाच्या खणात आहेत. एक १५२ बाय ९५ मिलिमीटरचा, दुसरा २१६ बाय १३५ चा. आईने दिवाळीच्या आवराआवरीत दोनदा फेकायला काढले, मी दोन्ही वेळा परत ठेवले. फोनवर नीट आभार मानायचे राहूनच गेले, म्हणून हे पत्र.

पेणच्या कारखान्यात वाढलेल्या मुलीला मूर्ती घडवणं काही नवं नाही. पण ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये माउसने गणपती करायला बसले तेव्हा माझं मलाच हसू आलं. पितांबराच्या निऱ्या अशा दिसायच्या की शेवया वाळत घातल्यात! रेघ सुरुवातीला जेवढी जाड, मध्ये तेवढीच, संपतानाही तेवढीच. शाडूत बाबा निरी काढतात तेव्हा कोरणी हलकी टेकते, मध्ये दाब वाढतो आणि शेवटी हात उचलता उचलता निरी विरून जाते. माउसला दाब कळतच नाही. बटण दाबलं की पूर्ण जोर, सोडलं की शून्य. एवढं समजायला मला दोन महिने लागले, आणि तुम्ही ते माझी एक निरी बघून सांगितलंत.

त्याआधी मी मुंबईच्या एका दुकानात जाऊन आले होते. तिथल्या माणसाने स्क्रीनवाला टॅब्लेट, म्हणजे थेट चित्रावरच पेन चालवायचा, पुढे केला. दाबाच्या १६,३८४ पातळ्या आहेत म्हणे, याखालचं घ्याल तर पस्तावाल. मी जवळजवळ हप्ते बांधूनच आले असते. तुम्हाला विचारलं, ‘दादा, कुठला घेऊ?’ तर तुम्ही कंपनीचं नावच घेईनात. उलट मलाच विचारलंत, ‘बाबा अंगठ्याने किती प्रकारे दाबतात, कधी मोजलंस का?’ मग म्हणालात, ४,०९६ पातळ्या असल्या तरी हाताला फरक कळणार नाही. बघायचं ते हे, की अगदी हलकं टेकवल्यावर पेन उमटायला लागतं की आधी जोर द्यावा लागतो. पेन बिनबॅटरीचं असावं. पेन तिरकं धरल्याचं ओळखणारी सोय चित्रकारांना लागते, मूर्तीकामात तिच्यावाचून अडत नाही, तिच्यासाठी जास्तीचे पैसे घालू नकोस.

आणि स्क्रीनवाल्याबद्दल तुम्ही जे बोललात ते आईनेही लक्षात ठेवलंय. ‘मूर्ती रंगवताना मान खालीच असते तुझी. आता आणखी एका कामात मान खाली घालायची हौस आहे का? आणि डावा हात किबोर्डवर लागणार, तो किबोर्ड ठेवणार कुठे?’ किबोर्डचा मुद्दा मला तेव्हा कळला नव्हता. आता दिवसभर डाव्या हाताची करंगळी शिफ्टवर असते. शिफ्ट धरून पेन फिरवलं की पृष्ठभाग गुळगुळीत होतो, कंट्रोल धरलं की माती आत जाते, एफ दाबून ब्रश लहानमोठा. शाडूवर पाण्याचा ब्रश फिरवतो ना, तसंच हे शिफ्टचं.

पुठ्ठ्यांची युक्ती मात्र मी आता ज्याला त्याला सांगते. टेबलावर पुठ्ठा ठेव, बोथट पेन्सिल घे, स्क्रीनकडे बघत दोन संध्याकाळी नुसता हात फिरव. लहान तुकड्यावर माझी पेन्सिल सारखी कडेबाहेर जायची. तुम्ही व्हिडिओ कॉलवर बघत होतात. म्हणालात, ‘तू मनगटातून नाही, कोपरातून काम करतेस. मातीची सवय आहे. मोठा घे.’ मनगटाने काम करणाऱ्याला लहान पुरतो, हेही वर सांगितलंत. वॅकॉमचा मिडियम इंटुऑस, म्हणजे मोठ्या तुकड्याच्या मापाचा बिनस्क्रीनचा टॅब्लेट, घेतला, दुकानात दाखवलेल्याच्या निम्म्याहून कमी पैशांत.

आणल्याच्या पहिल्या रात्री मी रडकुंडीला आले होते ते आठवतं? चूक माझीच, ड्रायव्हर, म्हणजे टॅब्लेट चालवणारं सॉफ्टवेअर, न टाकताच जोडला होता. कर्सर हलत होता म्हणून वाटलं, झालं काम. पण दाब नाही, आणि पेन जरा टेकवून ठेवलं की त्याभोवती गोल कडं उमटायचं. साडेदहा वाजता तुम्ही फोनवर एकेक करत ड्रायव्हर टाकून घेतलात, विंडोजमधलं ते दाबून धरल्यावर राइट क्लिक होणं बंद करायला लावलंत, ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये टॅब्लेटची सेटिंग ‘विंटॅब’ या पर्यायावर न्यायला सांगितलंत. तरी बाप्पाचं पोट बसकं येत होतं. टॅब्लेट १६:१०, स्क्रीन १६:९, त्यामुळे हाताने काढलेला गोल आडवा ताणला जायचा. प्रमाण कायम ठेवायच्या खुणेवर टिचकी मारली आणि पोट जागेवर आलं. शेवटी पेनचा स्पर्श ‘कडक’कडे सरकवायला लावलात, कारण माझा हात जड. फोन ठेवला तेव्हा बारा वाजून गेले होते आणि तुमची सकाळी शिफ्ट होती, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं.

आता काय चाललंय ते सांगते. मुकुट, प्रभावळ, उंदीर एवढं मी संगणकावर करते, थ्रीडी प्रिंट काढून त्यावरून साचा घेतो. मुकुटाला सिमेट्री चालू ठेवते, एक बाजू कोरली की दुसरी आपोआप. सोंडेला हात घालायच्या आधी मात्र ती बंद करायची, नाहीतर सोंड वळतच नाही. एकदा विसरले तर दोन सोंडा फुटल्या, बाबा खुर्चीवरून पडायचे बाकी होते. चेहरा अजून तेच शाडूत करतात आणि डोळ्यांची आखणीही तेच करतात, तिथे मी ढवळाढवळ करत नाही.

बाबांनी एकदा पेन हातात घेऊन बघितलं. कोरणीसारखं धरलं, दोनदा दाबलं, म्हणाले, ‘बरंय, हात माखत नाही.’ पण पेनच्या पोटात तीन जादा टोकं लपवलेली असतात, हे त्यांना फार आवडलं. गेल्या महिन्यात पहिलं टोक तिरकं झिजलं, मी काढून टाकलं. बाबांनी ते कचऱ्यातून उचललं, बांबूच्या काडीत बसवलं आणि आता त्याने उंदराच्या नखांवर रेघा ओढतात. भाद्रपदाच्या धांदलीआधी एकदा घरी या, ते दाखवायचंच आहे तुम्हाला.

तुमची,
पेणच्या कारखान्यातली धाकटी