मुदत संपत आलेला डेक न सांगता विकल्याबद्दल तक्रार

दि. 22 एप्रिल 2025

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मार्चच्या सुरुवातीला तुमच्या संकेतस्थळावरून मी मुलासाठी पोकेमॉन या पत्त्यांच्या खेळाचा साठ कार्डांचा तयार डेक (संच) घेतला; त्यातलं मुख्य कार्ड लुगिया व्हीस्टार. किंमत साडेचार हजार रुपये. वर्णनात ठळक लिहिलं होतं, ‘टूर्नामेंटसाठी तयार’. मुलाची नववीची परीक्षा तोंडावर होती, म्हणून ती आटोपेपर्यंत डेक कपाटातच राहिला. परवाच्या रविवारी तुमच्याच दुकानातल्या स्पर्धेत तो घेऊन गेला, तर नाव नोंदवतानाच तुमच्या माणसाने एक कार्ड उचललं, खालच्या डाव्या कोपऱ्यातलं बारीक ‘एफ’ अक्षर दाखवलं आणि डेक चालणार नाही म्हणून सांगितलं. हे अक्षर कार्ड कोणत्या काळातलं ते सांगतं, आणि 11 एप्रिलपासून एफ अक्षराची कार्डं स्टँडर्डमधून, म्हणजे फक्त अलीकडची कार्डं चालणाऱ्या स्पर्धाप्रकारातून, बाद झाली आहेत.

रोटेशन, म्हणजे जुनी कार्डं अशी ठरावीक काळाने बाद होणं, असू नये असं माझं म्हणणं नाही. जुनी कार्डं बाजूला झाली नाहीत तर नव्याने खेळायला येणाऱ्या मुलांना किती वर्षांची कार्डं जमवावी लागतील? पण ही तारीख आधीच जाहीर झालेली होती आणि तुमच्या दुकानात ती सगळ्यांना ठाऊक होती. दर आठवड्याला खेळणारी मंडळी अशा वेळी आपली कार्डं आधीच विकून मोकळी होतात. ती विकत घेतो कोण? महिन्यातून एखादा रविवार मिळणारा माझ्या मुलासारखा खेळाडू. जो सर्वांत कमी खेळतो, त्याच्याच गळ्यात तुम्ही शेवटचा माल पूर्ण किमतीत मारता. याचा मला खरा राग आहे.

‘बाद झालेली कार्डं तेवढी बदलून घ्या,’ असं तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सुचवलं. नेस्ट बॉल, बॉसेस ऑर्डर्स अशी नव्या अक्षरासह पुन्हा छापलेली कार्डं अजून चालतात, हे मान्य. पण या डेकचा सगळा खेळ असा आहे: लुगियाने डिस्कार्डमधून (टाकलेल्या कार्डांतून) आर्किऑप्स नावाचे दोन पोकेमॉन बेंचवर, म्हणजे राखीव जागेवर, आणायचे आणि त्यांनी डेकमधून स्पेशल एनर्जी, म्हणजे हल्ल्यासाठी लागणारी खास ऊर्जा-कार्डं, शोधून लावायची. लुगिया आणि आर्किऑप्स दोन्ही 2022च्या सिल्व्हर टेम्पेस्ट या कार्डसंचातले, दोन्ही एफ. ते गेल्यावर उरतं काय? नवा डेकच घ्यावा लागेल. घरी खेळा म्हणाल, तर आमच्या सोसायटीत हा खेळ खेळणारं दुसरं कोणी नाही. म्हणून तर तो तुमच्याकडे येतो.

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या दुसऱ्या कार्डांच्या खेळात 2023 साली स्टँडर्डची मुदत दोन वर्षांवरून तीन वर्षं झाली. पोकेमॉनची मुदत ठरवणं तुमच्या हातात नाही, पण संकेतस्थळाच्या पानावर अक्षर आणि बाद होण्याची तारीख छापणं नक्की आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार मालाची खरी माहिती मिळणं हा माझा हक्क आहे.

डेक परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी, किंवा त्याच किमतीत आज स्टँडर्डमध्ये चालणारा डेक द्यावा. शिवाय महिन्यातला एक रविवार एक्सपांडेड या जुनी कार्डंही चालणाऱ्या स्पर्धाप्रकारासाठी ठेवावा. त्यात 2011च्या ब्लॅक अँड व्हाइट संचापासूनची कार्डं चालतात, म्हणजे अशा डेकची मुलंही टेबलावर बसू शकतील.

पावती आणि तुमच्या पानाचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन.

कळावे,
आपली ग्राहक