गणपती पुन्हा अंगाने भरला, काका

काका, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "पत्रिका कुठवर आली?" एवढंच विचारता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, आता विषय बदलता येणार नाही.

आमचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवून द्यायचं दुकान म्हणजे सांगलीच्या गणपती पेठेतली दहा बाय बाराची खोली. दोन मॉनिटर, एक माझ्याकडे आणि एक गिऱ्हाइकाकडे तोंड करून. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढायला लागलं. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फुटांची, पण २०१९ साली ५७ फूट पाणी बघितलेला माणूस ४० ची वाट बघत बसत नाही. कॉम्प्युटर उचलून माळ्यावर टाकला. पाणी आलं नाहीच. मग उतरवून घाईघाईत केबली खुपसल्या, आणि तेव्हापासून गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर सगळं फुगलेलं दिसायला लागलं.

दुरुस्तीवाल्याने स्क्रीन चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर टाकला, विंडोज नव्याने टाकलं, शेवटी स्क्रीनकडे चित्र पाठवणारं ग्राफिक्स कार्ड नवीन घाला म्हणाला. तोवर काम चालू दे म्हणून दोन्ही स्क्रीन 'डुप्लिकेट'वर, म्हणजे दोन्हीकडे एकच चित्र असे ठेवून गेला. डुप्लिकेटमध्ये दोघांना जमेल तेच रिझोल्युशन (चित्रातल्या आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या) लागतं, त्यामुळे माझाही स्क्रीन १०२४ बाय ७६८ वर आला. आता दोन्ही सारखे दिसत होते. सारखेच चुकीचे. अशात एका नवरदेवाचे मामा म्हणाले, "गणपती जरा जाड वाटतोय." मी केला बारीक. सांगलीत बसून गणपती बारीक करणारी मीच पहिली असेन! ३०० पत्रिका छापून आल्या, वर चार दिवस उपाशी असल्यासारखा गणपती. सगळ्या रद्दीत.

तुम्ही आलात ते लेकीच्या पत्रिकेसाठी. प्रूफ बघता बघता म्हणालात, "बाई, एक चौकोन काढा. चारी बाजू सारख्या." काढला. तुम्ही माझीच फुटपट्टी उचलून स्क्रीनला लावली. आडवा १२ सेंटीमीटर, उभा ९. "चाराला तीन. चौकोनी जमान्यातलं चित्र रुंद पडद्यावर ताणलंय." मी महिनाभर त्याच पट्टीने कागद कापत होते, स्क्रीनला लावायचं कधी सुचलं नाही.

मग विंडोज आणि पी ही बटणं दाबून तुम्ही 'एक्स्टेंड' केलं, म्हणजे दोन्ही स्क्रीन वेगवेगळे केले. माझा स्क्रीन लगेच १९२० बाय १०८० वर गेला, दुसऱ्याच्या रिझोल्युशनच्या यादीत तो आकडाच नाही. तुम्ही केबलींची अदलाबदल केली. माझी एचडीएमआय केबल लावल्यावर दुसरा मॉनिटर ठणठणीत, आणि त्याची जुन्या पद्धतीची व्हीजीए केबल माझ्या मॉनिटरला लावली तर तो आजारी. "दुखणं केबलीबरोबर फिरतंय," म्हणालात. दूरध्वनी खात्यात जन्मभर जोड तपासलेला माणूस, आधी तारेवरच संशय घेणार.

व्हीजीएचं टोक उजेडात धरलंत. पाच-पाचच्या तीन ओळी, पंधरा पिना, आणि शेवटच्या ओळीतली बारावी पार आडवी झोपलेली. लाल, हिरवा, निळा पहिल्या तीन पिनांतून येतात, म्हणून चित्र दिसत होतं. पण मॉनिटर आपल्याला काय काय झेपतं ते १२८ बाइटच्या एका टाचणात लिहून ठेवतो, आणि ते टाचण कॉम्प्युटरपर्यंत बाराव्या पिनेतून जातं. ते मिळालं नाही म्हणून बिचाऱ्याने 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर', म्हणजे ओळख न पटलेला कुणीतरी, अशी नोंद करून अंदाजाने १०२४ लावलं. ग्राफिक्स कार्डाचा काही संबंधच नव्हता.

मशीन बंद करून तुम्ही टाचणीने ती पिन उचललीत आणि माझ्या पर्समधल्या भुवयांच्या चिमट्याने सरळ केलीत. केबल न दाबता अलगद बसवली. सुरू केल्यावर १९२० बाय १०८० आलं, चित्र थोडं उजवीकडे सरकलेलं होतं ते मॉनिटरवरचं 'ऑटो' दाबल्यावर जागेवर बसलं. जाताजाता सेटिंगमधला दोन नंबरचा चौकोन डावीकडे ओढून दिलात. माझा माऊस महिनोन्‌महिने उलट्या बाजूने त्या स्क्रीनवर जायचा, आणि मला वाटायचं ते तसंच असतं.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, पत्रिकेत सूटही नको म्हणालात. मग केबल नवीन आणली आणि जुनी तुमची आठवण म्हणून खिळ्याला टांगली. चिमटा मात्र आता टेबलाच्या खणात असतो, भुवयांसाठी दुसरा घेतला.

तुमचं दुसरं प्रूफ तयार आहे. गणपती दोन्ही स्क्रीनवर मोजलाय. गुरुवारी तासगावहून येताना काकूंनाही घेऊन या, मुहूर्ताची वेळ त्यांनीच एकदा वाचून घ्यावी. त्यात चूक झाली तर चिमट्याने सरळ होणार नाही.

तुमची,
डीटीपीवाली